साक्षीचा चौथा प्रश्न

"यंत्र म्हणतंय, तुमच्यावर जबरदस्ती होतेय," सिस्टर कुंदा मेश्राम खालच्या आवाजात म्हणाल्या.

"कोनाची?" आईंनी विचारलं. आई म्हणजे माझ्या सासूबाई, चंद्रकला निपाणे. तपासणीच्या खाटेवर पदर सारखा करून त्या बसल्या होत्या.

सिस्टरांनी पडद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. माझ्या कडेवर माझी लेक कुहू, शेजारी नवरा लोकेश, दाराशी बाबा, म्हणजे माझे सासरे. "घरच्यांची," त्या म्हणाल्या.

बाबांना आधी हसूच आलं. "हिच्यावर? लग्नापासून आजवरी हिच्यावर कोनाची जबरदस्ती चालली असन, तं मले भेटवा त्या मानसाले."

यंत्राला विनोद कळत नव्हता. त्याची चकती राखाडीच राहिली, आणि ती निळी झाल्याशिवाय आईंचं हृदय कोणी ऐकणार नव्हतं.

कोसरी हे भंडाऱ्याजवळचं टसर विणणाऱ्यांचं गाव. बाबा हातमागावर बसतात आणि आई चरख्यावर त्यांच्यासाठी कांड्या भरतात. मागावर आडवा धावणाऱ्या धोट्यात बसणारी दोऱ्याची गुंडाळी म्हणजे कांडी. होळीपासून आई एक कांडी भरताना दोनदा थांबू लागल्या होत्या. विचारलं की म्हणायच्या, हात दुखतो. हात दुखणारं माणूस तोंड उघडून श्वास घेत नाही, एवढं मला कळत होतं.

हृदयाच्या डाव्या बाजूला दोन कप्प्यांच्या मधे एक झडप असते. लहानपणी झालेल्या सांधेतापाची झळ तिला बसली तर ती वर्षानुवर्षं हळूहळू जाड होत जाते आणि पुढे पुरती उघडेनाशी होते. रक्त त्या चिंचोळ्या फटीतून जाताना खर्जातली एक घरघर करतं. ती इतकी मंद असते की खोलीत पंखा चालू असला तरी डॉक्टरांच्या कानातून निसटते. 'कानोसा' ही घरघर पकडतो. तळहातात मावणारी ही चकती लाखो हृदयांचे ठोके ऐकून शिकली आहे. छातीवर ठेवली की चहा निवायच्या आत सांगते, झडप ठीक आहे की नाही. नसेल तर नागपूरच्या हृदयतपासणीत त्याच आठवड्यात जागा मिळते.

पण कानोसाच्या आधी 'साक्षी' बसलेली असते. ती पेशंटला पाच प्रश्न विचारते आणि उत्तरांपेक्षा उत्तरं देण्याची रीत ऐकते. बोलण्याआधी श्वास अडकला का, आवाजाच्या पडद्यांना बारीक कंप आला का, नजर दुसऱ्या कोणाकडे गेली का, मधेच दुसरं कोणी बोललं का. दबावाखाली असलेल्या माणसांच्या आवाजांवरून तिला हे शिकवलंय. तिची गरज का पडली, तेही सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी एका औषधकंपनीचे दलाल गावोगाव फिरले होते. म्हाताऱ्या माणसांचे अंगठे घेऊन त्यांनी तपासणीची यंत्रं लावली आणि यंत्रांच्या सांगण्यावरून, कोणालाही न विचारता, औषधं बदलली. अंगठे मिळवून दिले होते घरच्यांनीच. काही माणसं त्यातून उठली नाहीत. त्यानंतर कायदा झाला: माणसाचा स्वतःचा होकार साक्षीला पटल्याशिवाय कोणतंही यंत्र त्याला हात लावणार नाही.

मी या साक्षीच्याच तपासनीस पथकात काम करते. कुहू झाल्यापासून घरून, अर्धा वेळ. साक्षी नीट वागते की नाही, हे पाहणं माझं काम.

"पुन्हा एकदा विचारून पाहता येईल?" मी सिस्टरांना म्हटलं.

"आठ दिवसांनी. पण ऋतुजा, कार्डावर नोंद गेली गं," त्या म्हणाल्या. "'अस्वेच्छेचा संशय.' आता खासगी दवाखानासुद्धा यांना हात लावणार नाही. चौकशी अधिकारी घरी येऊन यांच्याशी एकट्यांशी बोलले, की मगच ती निघते. आणि ते साहेब तीन जिल्ह्यांना मिळून एक आहेत. आमच्याकडे दिवाळीनंतर येतील."

मी कुहूला दुसऱ्या कडेवर घेतलं. आई शांतपणे चपला शोधत होत्या. खाटेवरून उतरताना त्यांनी कठडा धरला, आणि धरूनच जरा वेळ उभ्या राहिल्या.

* * *

"तुझ्याकडे चावी आहे ना?" घरी येताच लोकेशने विचारलं.

होती. तपासनिसाला चाचणीसाठी साक्षी बाजूला सारता येते. एक बोट टेकवायचं, की कार्डावरची नोंदही पुसली जाते.

"आहे," मी म्हटलं, "पण घरच्या माणसाने उघडू नये म्हणून तर ते कुलूप आहे. संशय आपल्यावर आहे, लोकेश. मीच उठून तो पुसला, तर त्या दलालांत आणि माझ्यात फरक काय?"

"फरक हा की आपण तिचे कोण आहोत, हे आपल्याला माहीत आहे."

"त्या घरच्यांनाही माहीत होतं."

त्याने कुहूचं झबलं दोरीवर टाकलं, नीट केलं, पुन्हा नीट केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "कुलूप बनवणाऱ्यांना एकदा इथे बोलाव. आईला जिना चढताना ऐकू दे त्यांना."

त्या दुपारी कुहूला पायांवर निजवून मी आईंच्या तपासणीचं ध्वनिमुद्रण मागवलं. पेशंटच्या परवानगीने घरच्यांना ते मिळतं, आणि आईंनी ती लगेच दिली होती. पहिले तीन प्रश्न आईंनी ठणठणीत उत्तरांत संपवले. चौथा प्रश्न होता: पतीच्या किंवा वडिलांच्या नावासह तुमचं पूर्ण नाव सांगा.

"चंद्रकला..." आईंचा आवाज. मग आत ओढलेला श्वास. मग गप्प. मग बाबांचा आवाज: "चैतराम निपाणे. लिवा."

मी तेवढाच तुकडा परत परत ऐकला. अंगणात आई शेजारणीला सांगत होत्या, "पाडव्याच्या महिन्यात मले येवढा दम नव्हता लागत, आताच वाढला." पाडव्याचा महिना. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, चैत्राला इकडे असंच म्हणतात. आई चैत्र म्हणत नाहीत कारण त्यात चैतराम येतात. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्या नावाच्या जवळ जाणारा शब्दही उच्चारायचा नाही. आणि कोणी पूर्ण नाव विचारलं की बाई थबकते, जवळच्या माणसाकडे बघते, ते माणूस तिच्या वतीने नाव सांगतं. हे इतकं रोजचं आहे की बाबांना आपण बोललो हेही आठवत नव्हतं, आणि तिथे उभ्या असलेल्या आम्हा चौघांपैकी एकालाही ते खटकलं नव्हतं.

अडकलेला श्वास, दुसऱ्याकडे गेलेली नजर, दुसऱ्याने पुरवलेलं उत्तर. साक्षीला जे जे पकडायला शिकवलं होतं, ते सगळं एका लाजेत हजर होतं.

मी आईंना सांगितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "एवढंच? मंग उखाण्यात घेतो ना मी नाव. उखाण्यात चालते."

* * *

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा केंद्रात गेलो. बाबांना मी मुद्दाम बाहेर बसवलं होतं. चौथा प्रश्न आला. आईंनी घसा साफ केला.

"टसराच्या लुगड्याले करवती काठ, चैतरामरावांचं नाव घेते, सिस्टर, सोडा वाट."

सिस्टर कुंदा खळखळून हसल्या. बाहेरच्या बाकावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा खिडकीतून डोकावले आणि लगेच मागे झाले. कान लाल झाले होते त्यांचे.

साक्षीने नोंद केली: उत्तर पाठ करून घेतलेले. पढवून आणल्याचा संशय.

घरी आल्यावर कुहू त्यांच्याकडे झेपावली. त्यांनी हात पुढे केले आणि परत घेतले. "घे वो तूच. मले नाही उचलत आज." कुहू ओठ काढून रडायला लागली. आई तिच्या पायाचा अंगठा धरून तशाच बसून राहिल्या.

"आता नाही यायचं मले तिथं," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या. "तिकडं पडद्यावर माह्या पोराच्या नावाले डाग लागते. आन् खरं सांगू का, ऋतुजा? त्यो डबा मले विचारत राहते, विचारत राहते. शाळेतल्या मास्तरावानी. पन तुले काय विचारायचं हाये बाई, असं म्हनलं का त्यानं एकडाव तरी?"

"काय विचारलं असतं तुम्ही?"

"लय काही." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "तुले कशाले सांगू? तू थोडीच डबा हायेस."

मी तिथून उठले ती सरळ कामाच्या टेबलाशी गेले. आमच्या विभागातल्या सगळ्या केंद्रांचे चौथ्या प्रश्नाचे आवाज मी नावं झाकून लावले. पुरुष थबकत नव्हते. माझ्या वयाच्या बायका थबकत नव्हत्या. पन्नाशीच्या पुढच्या बायका, भंडारा असो की गोंदिया, बरोबर त्याच जागी श्वास आत ओढत होत्या. साक्षीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या कागदांत त्या सगळ्या 'अनिच्छुक' म्हणून मोजल्या गेल्या होत्या. खाली शिफारसही तयार होती: ग्रामीण महिलांना यंत्र नको आहे, सबब या महिन्याअखेर कानोसा लहान केंद्रांतून काढून शहरांकडे वळवावा.

म्हणजे आईंच्या कार्डावरची नोंद पुसली गेली, तरी कोसरीत त्यांना ऐकायला काही उरणार नव्हतं.

* * *

समितीच्या अध्यक्ष शहनाज काझी निवृत्त न्यायाधीश होत्या. त्या अंगठेवाल्या म्हाताऱ्यांचा खटला त्यांच्यासमोर चालला होता, आणि साक्षीच्या कायद्याचा मसुदा त्यांच्याच हातचा. मी त्यांना अर्ज केला आणि पहिल्याच ओळीत लिहिलं की पेशंट माझी सासू आहे. त्यांचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

"म्हणजे ज्या घरावर संशय, त्याच घरातून अर्ज."

"हो, मॅडम."

"हिंमत आहे. काय हवंय तुम्हाला? साक्षी काढून टाकू?"

"नाही. तिचे प्रश्न काढा. पेशंटला विचारू द्या."

मी भराभर बोलत गेले, कारण कुहू जागी व्हायला आली होती. साक्षीने पेशंटला सांगावं की मी कोण, काय करणार, आणि मग गप्प बसावं. घरचं कोणी खोलीत नको. बाईने विचारावं. तिला जे जाणून घ्यायचंय तेच तिच्या होकाराचं मोजमाप.

"प्रश्नही पढवता येतात," त्या म्हणाल्या.

"पहिला पढवता येईल, मॅडम. त्याला मिळालेल्या उत्तरातून निघालेला दुसरा नाही. साक्षीला तेवढंच ऐकायला शिकवायचं. पुढचा प्रश्न मागच्या उत्तराला धरून आला का? आणि थबकणं मोजायचंच असेल, तर त्या बाईच्या स्वतःच्या बोलण्याशी ताडून मोजायचं."

"आणि जिला काहीच विचारायचं नसेल ती?"

"तिच्या कार्डावर काही लिहायचं नाही. बुधवारी डॉक्टर केंद्रात येतात, त्यांनी तिच्याशी एकटीशी बोलायचं. कुलूप राहू द्या. फक्त त्याने घरावर शिक्का मारू नये."

"माझ्यासमोर तेरा म्हातारी माणसं उभी राहिली होती," काझी मॅडम हळू म्हणाल्या. "सगळ्यांनी हो म्हटलं होतं. एकालाही कशाला ते माहीत नव्हतं." मग जरा थांबून, "चाचणीपुरतं करून ठेवा. मी येते. पडद्यावर नको, तिथेच."

पथकातल्या दोघांनी आणि मी आठवडाभरात साक्षीला नवं ऐकायला शिकवलं. माझ्या वाट्याचा बराचसा भाग कुहूला खांद्यावर थोपटत उभ्यानेच झाला.

आईंना तयार करायला मी काहीच केलं नाही. फक्त म्हटलं, "आई, आज डबा तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही त्याला विचारायचं."

"वाटेल ते?"

"वाटेल ते."

"मंग येतो," त्या म्हणाल्या.

* * *

खोलीत आई एकट्या. पलीकडच्या खोलीत काझी मॅडम, सिस्टर कुंदा आणि साक्षीचा पडदा. आम्ही बाहेर बाकावर. आईंच्याच सांगण्यावरून पुढे सगळ्यांना ऐकायला मिळालं ते मुद्रण, म्हणून मला ते असं लिहिता येतंय.

साक्षीने आपली आणि कानोसाची ओळख एकाच आवाजात सांगितली आणि ती थांबली.

बांगड्या वाजल्या. मग आई: "तू बाई हायेस का बुवा?"

"मी दोन्ही नाही. मी यंत्र आहे."

"मंग माह्या छातीवर कोन ठेवन तुले?"

"सिस्टर ठेवतील. नको असेल तर तुम्ही स्वतः ठेवू शकता."

"मीच ठेवतो. ब्लाउजवरून चालते का?"

"पातळ कापडावरून चालतं."

"बरं. ऐकलेलं जाते कुठं? गावात तं नाही ना सांगत?"

"नागपूरच्या डॉक्टरांकडे जातं. तुम्ही म्हणाल तर आणखी कोणाकडे नाही."

"त्या डाक्टरानं दुसऱ्याले सांगतलं तं?"

"तुमच्या फोनवर लगेच कळेल, कोणी पाहिलं ते. तक्रारही करता येईल."

"फोन तं पोराजवळ राहते." आई इथे थबकल्या. काझी मॅडम पुढे वाकल्या, असं सिस्टर नंतर सांगत होत्या. मग आईच म्हणाल्या, "मंग सिस्टरच्या फोनवर धाड. आन् तुह्यं चुकते का कधी?"

"चुकतं. शंभरातल्या चारपाच वेळा."

"माह्या वेळी चुकलं तं?"

"म्हणून नागपूरला दुसरी तपासणी होते. फक्त माझ्या सांगण्यावर कोणी औषध देणार नाही."

"हे बेस हाये. आता शेवटचं. मी आज नाही म्हनलं, तं माह्या पोराले, सुनेले सांगशीन का तू?"

"नाही."

"त्यायनं विचारलं तरी?"

"तरीही नाही. आणि तुम्ही आज हो म्हणून उद्या नाही म्हणालात, तरी चालेल."

बाहेर बाबा दोन्ही हात गुडघ्यांत दाबून बसले होते. कुहू त्यांच्या शर्टाचं बटण तोंडात घालत होती आणि त्यांना कळत नव्हतं.

"मंग आन इकडं," आई म्हणाल्या.

चकती निळी झाली. आईंनी ती पदराखालून स्वतः छातीवर धरली. खोलीत पंखा घरघरत होता. कानोसाला त्याच्या आतली घरघर ऐकू आली. झडप निम्मीही उघडत नव्हती. त्याच संध्याकाळी नागपूरहून तारीख आली, आणि कार्डावरच्या दोन्ही नोंदी काझी मॅडमनी स्वतः पुसल्या.

मी आनंदाने रडले असते, पण मॅडमना उरलेल्या बायका ऐकायच्या होत्या, आणि पडद्याशी त्यांना तपासनीस हवी होती. आधी परत पाठवलेल्या सगळ्या जणींना सिस्टरांनी बोलावलं होतं. एकेक आत जात होती, बोलत होती, बाहेर येत होती. कोणी विचारलं की सुनेच्या पोटातलं बाळ याला ऐकू येतं का. कोणी विचारलं, दारुड्या नवऱ्याने आपटलं तर हा डबा फुटतो का, आणि फुटला तर पैसे कोणाला पडतात. बहुतेकींनी हो म्हटलं. तिघींनी बरंच विचारून चक्क नाही म्हटलं आणि ताठ मानेने घरी गेल्या. बाहेर बसलेल्या त्यांच्या माणसांना कोणीच काही सांगितलं नाही.

"नोंद करा," काझी मॅडम म्हणाल्या. चष्मा काढून त्या डोळे पुसत होत्या. "'हो' किती, ते करालच. हे तीन 'नाही' आधी लिहा. माझ्यासमोर उभ्या राहिलेल्या तेरातला एकही हे म्हणू शकला नव्हता."

महिन्याअखेर कानोसा कोसरीतून हलला नाही. चौथा प्रश्न राज्यभरातून गेला, आणि त्याच्या मागोमाग बाकीचे चारही.

* * *

नागपूरला आईंच्या झडपेचा उपाय ठरला: मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर हृदयापर्यंत न्यायची आणि तिच्या टोकाचा फुगा झडपेत फुगवायचा, म्हणजे चिकटलेल्या कडा सुटतात. यंत्राचा इथे संबंध नव्हता, त्यामुळे साक्षीही नव्हती. होते एक तरुण डॉक्टर, घाईत.

"इथे मुलाने सही करायची," त्यांनी कागद लोकेशपुढे धरला. "साधी प्रोसिजर आहे. काळजी करू नका."

लोकेशने पेन घेतलं नाही. हात पाठीमागे बांधून तो भिंतीला टेकला. "डॉक्टर, पेशंट त्या आहेत."

"हो, पण सहसा घरचे..."

"बसा ना, डाक्टर," आई खाटेवरून म्हणाल्या. "असे उभ्यानं कायले सांगता?"

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी कुहूला भरवत होते, मी मान वर केली नाही. त्यांनी स्टूल ओढलं.

"त्यो फुगा आत फुटला तं काय होते?"

"तसं फारच क्वचित..." डॉक्टरांनी सुरुवात केली, थांबले, आणि नीट सांगायला लागले. फुगा कशाचा असतो, किती दाब देतात, फुटलाच तर काय करतात.

"आन् काढता कसा मंग त्याले?"

डॉक्टरांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हृदय काढलं. आईंनी उशीखालून चष्मा काढला. नळी कुठून शिरते, कुठे वळते, ते त्यांनी बोटाने कागदावर फिरवून पाहिलं, एका वळणावर बोट अडलं, तिथे पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी ते वळण मोठं करून काढलं. त्यांची घाई कुठे गेली कोण जाणे.

शेजारच्या खाटेवरची बाई मघापासून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती कोपरावर उठली. तिच्या उशाशी बसलेला दीर म्हणाला, "वहिनी, पडून राहा."

"थांबा हो जरा," ती म्हणाली, आणि पाय खाली सोडून बसली. "डॉक्टरसाहेब, तो कागद इकडेही दाखवा. माझं उद्या आहे. मलाही विचारायचंय."